न काढलेला बाण

पुण्यात पायाखाली सगळा काळा पाषाण. त्यामुळे ग्रॅनाइट म्हटलं की लोकांना स्वयंपाकघरातला ओटा आठवतो. मला माझी घोडचूक आठवते.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. चंद्रपूरकडच्या एका खाणीतून मी गुलाबी ग्रॅनाइटचा तुकडा आणला होता. त्याचा कागदाहून पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर फेल्डस्पारचे पट्टे वाकलेले. फेल्डस्पार म्हणजे त्यातले गुलाबी-पांढरे दाणे. त्यांच्यातले पट्टे मुळात आखल्यासारखे सरळ असतात. ते वाकले याचा अर्थ, थिजून घट्ट झालेला हा खडक पुढे कधीतरी पुन्हा तापला आणि दाबला गेला. माझे सर आयुष्यभर हेच सांगत आले, शिवाय तो दाब पूर्वेकडून आला असंही. लोकांनी त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेलं.

दिशा सिद्ध करायची तर दगड फोडण्याआधी त्यावर रंगाने उत्तरेचा बाण काढावा लागतो, नाहीतर तुकडा जागेवर कसा बसला होता हे नंतर सांगता येत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांकडून मी हे घोकून घेते. आणि त्या दिवशी उन्हाने जीव नकोसा झाला म्हणून मीच आधी हातोडा घातला. पुन्हा गेले तेव्हा खाण संपून तिथे पाणी साचलं होतं. तो खडक आता कुणाकुणाच्या ओट्यावर असेल. या चुकीला उतारा नाही, हे मला तिथेच कळलं.

सर खडकीला एकटेच राहतात. नजर जवळजवळ गेली आहे, आणि डॉक्टर आता महिन्यांच्या भाषेत बोलतात. परवा सरांचा फोन आला, "काय बाई, त्या दगडाचा निकाल लावताय, की माझा लागायची वाट बघताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटने बाण काढला. स्वतःची किळस येत होती, तरी काढला. दुपारपर्यंत सुकेल असं वाटलं.

"पूर्वेकडूनच, सर," दुपारी खडकीला त्यांच्यासमोर दगड ठेवत मी म्हणाले.

ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मग दगड मांडीवर घेऊन बाण चाचपू लागले. चाचपता चाचपता थांबले, अंगठा नाकाशी नेला.

"निदान सुकू तरी द्यायचा होता, बाई," असं म्हणून त्यांनी दगड माझ्याकडे सरकवला.