एकसष्ट मेगापिक्सेल आणि राजय्या अण्णांची मोट

सोलापुरात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, सोळा वर्षं हेच करते आहे. या कामाला माझा चोवीस मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा कधी कमी पडला नाही. कमी पडला तो गेल्या डिसेंबरात, राजय्या अण्णा पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला आले त्या दिवशी.

अण्णा बहात्तर वर्षांचे. तेलुगू विणकर घराणं, तीन पिढ्या सोलापुरात. घरातल्या बाकीच्यांनी टॉवेलचे पॉवरलूम टाकले, पण अण्णांचा एक हातमाग अजून उभा आहे. मी तेव्हा संगणकावर श्रीपूरच्या एका साखरपुड्याचे फोटो निवडत होते. अण्णा खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले.

"ताई, नवरीच्या मागं भिंतीवर काय आहे? मोठं करा की जरा."

मोठं केलं. काचेच्या चौकटीत एक वॉल हँगिंग होतं. विहीर, मोटेचे दोन बैल, पाटाजवळ बसलेली बाई. अजून मोठं केलं आणि सगळ्याचा रंगीत चिखल झाला.

"हे माझ्या नान्नांचं काम," अण्णा म्हणाले. नान्ना म्हणजे वडील.

मग त्यांनी सांगितलं. असं चित्र विणायचं तर आधी चौकटीच्या कागदावर एकेक धागा मांडावा लागतो, आणि त्यावरून भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं करावी लागतात. कुठला धागा वर उचलायचा ते माग त्या कार्डांवरून ठरवतो. मोटेच्या चित्राची कार्डं एका पावसाळ्यात गोदामात पाणी शिरून लगदा झाली. विणलेले नग कधीच विकले गेले होते. पन्नासेक वर्षांत अण्णांना त्यातला एकही पुन्हा दिसला नव्हता.

"धागे मोजता येतील असा फोटो मिळाला ना, तर मी परत विणीन. डोळे चालतायत तोवर."

मी बरेच दिवस एका एकसष्ट मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर डोळा ठेवून होते. किंमत बघून दर वेळी पान बंद करायचे. आता म्हटलं, आधी भाड्यानं आणून बघू. पुण्याहून तीन दिवसांसाठी बॉडी, एक झूम आणि अगदी जवळून टिपणारी एक मॅक्रो लेन्स मागवली. श्रीपूरच्या घरी फोन केला. घरातल्या मोठ्या बाई, हौसाबाई, म्हणाल्या, "या की. बघायला कशाला पैसं पडत्यात?" अण्णांना विचारलं, येता का. ते डबा घेऊनच उभे होते.

पहिला दिवस: केम

श्रीपूरला एकच संधी मिळणार होती. त्याआधी कॅमेरा हातात बसायला हवा होता, म्हणून पहिला टप्पा वाकडी वाट करून ठेवला. केम सुचवलं अण्णांनीच. "तिथं कुंकू करतात. लाल रंगानं भल्याभल्यांची परीक्षा घेतलीय. सुताची घेतली, तुमच्या कॅमेऱ्याची पण घेईल."

सकाळी सातला निघालो. सोलापूर ते मोहोळ हायवे उत्तम, पुढे माढ्यावरून कुर्डुवाडीपर्यंत रस्ता बरा, कुर्डुवाडी ते केम मात्र उसाच्या ट्रॅक्टरांमागे सावकाश. कुर्डुवाडीत स्टेशनाबाहेर भजी आणि चहा घ्या, दोघांचं शंभरात होतं. अण्णांनी भजी माझ्या डब्यातल्या शेंगाचटणीशी खाल्ली आणि हेच बरोबर असल्याचं मला पटवलं.

कुंकवाच्या कारखान्यात शिरलो तर भिंती, पोती, पंखा, सगळं लाल. चाळणीवर काम करणाऱ्या बाईंच्या पापण्यासुद्धा लाल. मी पिशवीतून दुसरी लेन्स काढली तशा त्या म्हणाल्या, "हितं काय उघडू नका बाई. आमच्या पोराचा मोबाईल आतनं लाल झालाय."

त्यांनी मला वाचवलं. मिररलेस कॅमेऱ्याची लेन्स काढली की आतला सेन्सर बहुधा उघडाच पडतो. भाड्याच्या कॅमेऱ्यात कुंकू भरून पुण्याला परत पाठवलं असतं तर काय झालं असतं, ते नकोच.

पहिले फोटो बघून मी हिरमुसले. कुंकवाचा ढीग म्हणजे नुसता सपाट लाल डाग. मग उजेड थोडा कमी धरला आणि तोच ढीग दाणादाणा होऊन उभा राहिला. बोटांचे ठसे, चाळणीच्या जाळीच्या रेषा, बाईंच्या पापणीवरचा कण, सगळं. बाईंना दाखवलं. त्या मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिल्या. "रंग आमचाच हाय," त्या म्हणाल्या. "न्हायतर फोटोत केशरी येतंय आन् गिऱ्हाईक आमाला भांडतंय."

व्हिडिओची कथा वेगळी. चाळणीतून पडणारं कुंकू संथ गतीत घेतलं, ते बघत राहावं असं आलं. मग स्टेशनजवळ जाऊन धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवला, तर विजेचे खांब आडवे कलंडलेले! खांब सरळच होते. एवढा मोठा सेन्सर एक चित्र वरून खाली वाचेपर्यंत कॅमेरा पुढे फिरलेला असतो, म्हणून हे होतं. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्यांचं काय होईल हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. अण्णा खांब बघून मनापासून हसले. "हा माग वेगाला जुळत नाही, ताई. ह्याच्यावर सावकाशच विणायचं."

एवढं नेमकं मत मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळालेलं नाही.

संध्याकाळी अकलूजला मुक्काम. दोन खोल्या, प्रत्येकी हजार रुपये, स्वच्छ, गरम पाणी सकाळी नऊपर्यंतच. लॅपटॉपवर दिवसाचे फोटो उतरवायला लागले आणि तो धापा टाकायला लागला. एकेक फाइल माझ्या जुन्या फाइलींच्या अडीचपट. हा कॅमेरा घ्यायचा तर लॅपटॉपही नवा घ्यावा लागेल, ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत.

दुसरा दिवस: श्रीपूर

अकलूजहून श्रीपूर जवळच. पण जानेवारी म्हणजे गळीत हंगाम. रस्त्यावर बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि हवेत मळीचा गोड-आंबट वास. अर्धा तास हाताशी ठेवून निघा.

हौसाबाईंचं घर कारखान्याच्या वसाहतीजवळ. त्यांचे यजमान कारखान्यात फिटर होते, चार वर्षांपूर्वी गेले. चहा झाला, ओळखी झाल्या. वॉल हँगिंग समोरच होतं. अण्णा त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे राहिले, जवळ गेले नाहीत.

मी कॅमेऱ्याची तिपाई लावली, फोटो घेतला. काचेत खिडकी, मी, आणि हौसाबाईंचा टीव्ही. पडदा लावला, काळं कापड धरलं. प्रतिबिंब गेलं तरी काचेला आतून ओल येऊन पांढुरके डाग पडले होते, ते चित्राच्या मधोमध.

"आजी, काच काढावी लागेल," मी म्हणाले.

"काच काढायची न्हाय," हौसाबाई म्हणाल्या. "लग्नानंतर पयल्यांदा सोलापूरला गेलो तवा ह्यांनी घेतलं. चौकट त्यांनी सवता केलीया. एकदा उकललं की बसत न्हाय परत. आन् कापड फाटलं तर?"

त्यांचं बरोबर होतं. मी तिपाई मिटायला घेतली.

मग हौसाबाईंनीच विचारलं, "तुमच्या वडलांचंच हाय हे कशावरनं? असली लई असत्याल."

"आमच्या नान्नांची एक खूण होती," अण्णा म्हणाले. "तुकडा संपला की डाव्या काठाला खाली तीन हिरवे धागे गाठ मारून सोडायचे. गिऱ्हाइकाला दिसायचे नाहीत, काठ मुडपला की आत जायचे. तुमच्या चौकटीत ते लाकडाखाली असतील. नसतील तर हे आमचं नाही. मी तुमची माफी मागून जातो."

हौसाबाई भिंतीकडे बघत राहिल्या. पन्नासेक वर्षं रोज पाहिलेल्या वस्तूत आपल्याला माहीत नसलेलं काही असेल, हे त्यांच्या मनात शिरलेलं दिसत होतं. त्या आत गेल्या आणि यजमानांची पान्ह्यांची पेटी घेऊन आल्या.

"मी उघडती. तुमी हात लावू नका."

चौकट उतरवून मागचे खिळे त्यांनी एकेक करून वाकवले. काच अलगद बाजूला ठेवली. चौकटीतून कापड सुटं केलं आणि डावा काठ उलटला. तिथे तीन हिरवे धागे होते. बाकी कापड उन्हानं फिकटलेलं, हे मात्र अंधारात राहिल्यामुळे कालच बांधल्यासारखे हिरवेगार.

अण्णांनी डोक्याची टोपी काढली. हौसाबाई म्हणाल्या, "व्हय की हो," आणि पदरानं डोळे पुसले.

आता माझी पाळी. मॅक्रो लेन्स लावली, कापड पाटावर सपाट केलं, फोटो घेतला. पडद्यावर बघते तर बैलांच्या पाठीवर इंद्रधनुष्यी लाटा! कापडाची वीण आणि सेन्सरची वीण एकमेकींत अडकली की असं होतं. कापड टिपायचं असेल तर हा दोष लक्षात ठेवा. उपाय सोपा निघाला, कॅमेरा थोडा पुढे घ्यायचा. वरचा आणि खालचा भाग असे दोन फोटो केले आणि लाटा गेल्या. पण फोटो हललेले येऊ लागले. बाहेरून ट्रॅक्टर गेला की फरशी थरथरायची. मग हौसाबाई दारात उभ्या राहून सांगू लागल्या, "थांबा... थांबा... हां, आता घ्या!" तासाभरात काम झालं.

लॅपटॉपवर फोटो उघडून मोठा केला. मोठा, अजून मोठा. एकेक धागा वेगळा दिसू लागला. अण्णा बोटानं हवेतच मोजत वरून खाली येत होते. मोटेच्या दोरापाशी बोट थांबलं.

"हे काय? दोर तुटलाय."

नुसत्या डोळ्यांना दोर अखंड दिसत होता. पडद्यावर मात्र तो एका धाग्यानं बाजूला सरकला होता. चार बोटं खालपर्यंत असं अकरा ठिकाणी.

अण्णांनी त्या अकरा जागा पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "कार्ड पुढं सरकायच्या आधी मागाच्या पावडीवर पाय पडला की असं होतं. नान्नांचा पाय कधी चुकला नाही. हे मी विणलंय, ताई. सोळा वर्षांचा होतो, नान्ना तापानं पडले होते. त्यांनी मला सांगितलं होतं, तू विणलेली पट्टी उसवून टाकली म्हणून."

"उसवली न्हाय त्यांनी," हौसाबाई म्हणाल्या. "ठेवली की."

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि शेवटी कोवळा हुरडा. अण्णा त्या दिवशी तीन भाकऱ्या जेवले. चौकट परत बसली, आणि काच पुसल्यामुळे पहिल्यापेक्षा लख्ख दिसू लागली.

तिसरा दिवस आणि नंतर

रात्री पुन्हा अकलूजला राहिलो, सकाळी टेंभुर्णीवरून हायवेला लागलो आणि दुपारी सोलापूर. अण्णा वाटभर नान्नांबद्दल बोलत होते, अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत. तेलुगू मला येत नाही, पण मी थांबवलं नाही.

कॅमेऱ्याचं सांगते. लग्नांसाठी मी तो घेणार नाही. फाइली जड, धावपळीच्या व्हिडिओला आडवा जातो, आणि माझ्या गिऱ्हाइकांना पापणीवरचा कण बघायचा नसतो. पण स्थिर वस्तूसमोर, हाताशी वेळ ठेवून उभं राहायचं असेल, तर एवढं खरं दाखवणारं यंत्र मी आजवर हाताळलं नव्हतं. अण्णांनी ही गोष्ट गल्लीत सांगितल्यापासून चार घरांतून लोक जुन्या कापडांच्या घड्या घेऊन आले आहेत. म्हणून भाड्याचा कॅमेरा परत पाठवला तरी फेब्रुवारीत त्याच मॉडेलचा एक वापरलेला, थोड्या कमी किमतीत घेतला. मॅक्रो लेन्ससकट. लॅपटॉप अजून धापा टाकतोय.

मोटेची मोठी प्रिंट मी अण्णांना दिली. ती समोर लावून त्यांनी कागदावर चौकटी भरल्या, कार्डं पाडली. गेल्या आठवड्यात बोलावणं आलं म्हणून गेले. मागावर मोटेचा दोर विणून झाला होता. मी जवळ जाऊन पाहिलं. दोर अकरा ठिकाणी सरकलेला होता.

"अण्णा, सरळ नाही केलात?"

"सरळ विणायला काय, चार दिवसांचं काम," अण्णा म्हणाले. "पण ह्या अकरा चुका जशाच्या तशा बसवायला मला पंधरा दिवस लागले. नान्नांनी ठेवल्यात, त्या काढणारा मी कोण?"