फणसाच्या भाजीला चढलेला रंग

माझ्या हातची भाजी खाऊन सव्वीस माणसांनी एकाच वेळी विठ्ठलाचं नाव घेतलं, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

मैसूरच्या अग्रहारात आमची विठ्ठलभक्तांची छोटीशी भजनी मंडळी आहे. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही, अशी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झालेली माणसं. एकादशीला सगळ्यांचा कडकडीत उपास आणि द्वादशीला सकाळी कुणा एकाच्या घरी पारणं. चैत्रातल्या द्वादशीचा मान आमच्या घराचा. माझ्या आईनं तो चाळीस वर्षं सांभाळला. त्या दिवशी पानात कैरीचं चित्रान्न म्हणजे फोडणीचा आंबट भात, काकडी घातलेली मुगाच्या डाळीची कोशिंबीर आणि वर्षातल्या पहिल्या कोवळ्या फणसाची पिवळीधमक भाजी असायची. त्या भाजीसाठी लोक उपास जरा जास्तच मनापासून करायचे!

आई गेली आणि जयलक्ष्मीपुरमला राहणारा माझा चुलतभाऊ श्रीधर म्हणाला, "अण्णा, तुला आता झेपायचं नाही. हा मान मला दे. मी आचारी लावतो."

आचारी! आईच्या पारण्याला! मी ताडकन नाही म्हणालो. शेवटी केशवकाकांनी, म्हणजे मंडळीतल्या सगळ्यात ज्येष्ठांनी, निकाल दिला, "यंदा इथंच होऊ दे. जेवण नीट झालं तर मान ह्या घरात. नाहीतर पुढच्या वर्षीपासून श्रीधरकडे."

मला काय काळजी? माझी बायको सुमन आईच्या हाताखाली तयार झालेली. पण पारण्याच्या तीन दिवस आधी पापडाचं पीठ कुटताना तिचा उजवा हात मुरगळला. मनगटाला लेप, वर पट्टी, पट्टीला पाणी लागू द्यायचं नाही. आणि पारण्याचा स्वयंपाक मडीत, म्हणजे डोक्यावरून अंघोळ करून सोवळ्यात करायचा! त्यामुळे सुमनला स्वयंपाकघरात पाऊलच टाकता येईना.

"परवागिल्ला," ती म्हणाली. (काही हरकत नाही, हे ती नेहमी हरकत असतानाच म्हणते.) "मी उंबऱ्याबाहेर बसते. मी सांगते तसं करा."

"सांगायचं काय त्यात? स्वयंपाक म्हणजे शेवटी रंगच ना?"

हे वाक्य मी उगीच म्हटलं नव्हतं. आमचे पूर्वज रंगारी. मी स्वतः कडकोळच्या एका कापडाच्या कारखान्यात तीस वर्षं रंग तपासायचं काम केलेलं. नुसत्या नजरेनं सांगायचो, हा माल पास, हा नापास! शिवाय ही भाजी चाखण्याचा प्रश्नच नव्हता. आदल्या दिवसाचा उपास सुटायचा होता आणि नैवेद्याआधी कुणी चाखत नसतं. मग उरतो काय? रंगच!

पहाटे पाचला मी फणसाला हात घातला. चीक लागू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडलं, तरी थोड्या वेळानं मी, विळी आणि फणस हे एकच कुटुंब झालो होतो. कसाबसा सुटलो, फोडी हळद घालून शिजत टाकल्या आणि घड्याळ पाहिलं. द्वादशी संपत होती आठ वाजून दहा मिनिटांनी. पहिला घास त्याच्या आत पोटात गेला नाही, तर सव्वीस जणांचा उपास फुकट!

मग माझा जीव काही थाऱ्यावर राहीना. झाकण काढ, फोड टोच, घड्याळ बघ, दाराशी जा, परत ये, झाकण काढ!

"अहो, सारखं झाकण काढू नका की! शिजणार कसं ते?"

"काढत नाहीये!"

"आवाज येतोय मला!"

साडेसहा वाजले. फणस लाकडासारखाच. आणि तेवढ्यात मला फडताळात डबा दिसला. पापडखार! खारानं पापड खुसखुशीत होतो, मग फणस का मऊ होणार नाही? सुमनला विचारलं असतं तर ती "चिमूटभर" म्हणाली असती. म्हणून विचारलं नाही. मूठभर घातला!

फणस पाच मिनिटांत लोण्यासारखा मऊ झाला. आणि कौलासारखा लाल!

"सुमन! भाजी लाल झाली!"

"अय्यो! तिखट किती घातलंत?"

"तिखट घातलंच नाही अजून!"

"मग काय घातलंत?"

मी खाराचा डबा फडताळात मागे ढकलला. पण माझ्या अंगातलं रंगाऱ्याचं रक्त जागं झालं. हळदीला खार लागला की ती लाल होते आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळी, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत! चित्रान्नासाठी किसलेली कैरी समोर होती. वाटीभर भाजीत ओतली.

भाजी फसफसून उठली! फेस कडेवरून खाली, शेगडी विझली, ओट्यावर हळदीचा ओढा वाहू लागला.

"अहो, कसला आवाज तो?"

"उकळी आली!"

शेगडी पुन्हा पेटवली. सोवळ्याच्या जुन्या उपरण्याची पट्टी फाडली, रश्शात बुडवली, उजेडात धरली. नारिंगी. आणखी कैरी, आणखी फेस, दुसरी पट्टी. अजून जरा तांबूस. उरलीसुरली सगळी कैरी! (चित्रान्नाला काय राहिलं? नुसता पिवळा भात.) तिसरी पट्टी मात्र लख्ख पिवळी निघाली. ती घेऊन मी उंबऱ्याशी धावलो.

"बघ! अगदी आईच्या भाजीचा रंग!"

सुमननं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रंग बरोबर आहे. भाजी कशी आहे?"

"रंग बरोबर म्हणजे भाजी पास!"

वरून मोहरी, ब्याडगी मिरच्या, हिंग, कढीपत्ता अशी खमंग फोडणी दिली, ओलं खोबरं पसरलं. दारातून आत येणारा श्रीधर थबकलाच. "अण्णा, वास तर झकास सुटलाय रे!" त्याचा पडलेला चेहरा पाहून मला फार बरं वाटलं.

नैवेद्य झाला. आठला पाच कमी असताना पंगत बसली. केशवकाकांना मी कौतुकानं तीन डाव भाजी वाढली आणि स्वतःही बसलो. काकांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "विठ्ठला!"

मग सगळी पंगतच म्हणाली. माझे डोळे भरून आले. आईची आठवण झाली. त्याच भरल्या डोळ्यांनी मी घास तोंडात घातला.

कपड्याचा साबण विरघळवून त्यात मीठ आणि कैरी घातली तर जे होईल, ते झालं होतं! पण प्रसाद पानात टाकायचा नसतो. त्यामुळे कुणी बोलेना, कुणी उठेना. कोशिंबीर दोन मिनिटांत संपली. ताकाचा हंडा तळाला गेला. "अण्णा, नीरू," एवढंच श्रीधर म्हणाला आणि पाण्याचा आख्खा तांब्या घशात ओतला. केशवकाका तिसऱ्या डावाशी झुंजत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं चाळीस वर्षं राखलेला मान मी एका सकाळी घालवला होता. मी उठलो, हात जोडले आणि खार, कैरी, पट्ट्या, सगळं कबूल केलं. "काका, चूक माझी आहे. मान श्रीधरला द्या."

काकांनी शेवटचा घास गिळला. "तुझी आई पण चाखत नव्हती रे. पण ती भाजी करायची. तू कापड रंगवलंस!"

आधी सुमनला हसू फुटलं. मग श्रीधरला. मग पंगतभर कुणाला आवरेना. श्रीधर डोळे पुसत म्हणाला, "काका, मान राहू दे इथंच. वहिनींचा हात होईल बरा. पण ह्या अण्णाचं काय करायचं?"

काकांनी बराच विचार केला.

तेव्हापासून आमच्या पारण्याला दारात सेवेची पाटी लागते. स्वयंपाक: सुमनवहिनी. वाढप: श्रीधर. माझ्या नावापुढे लिहिलेलं असतं, 'स्वयंपाकघराबाहेर थांबणे'. ही सेवा मी आजवर एकदाही चुकवलेली नाही, आणि सगळ्यात मोठी सेवा तीच, असं मंडळीतलं प्रत्येक माणूस मला आवर्जून सांगतं!