हलकी चौकट

घड्याळजीचं खरं नाव काय, हे गल्लीत विचारलंत तर लोक एकमेकांची तोंडं बघतील. अडतीस वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस तो, त्याला दुसरं नाव हवंच कशाला? दोन वर्षांपूर्वी त्याने दुकान बंद केलं. "आता घड्याळं दुरुस्त कोण करतं हो? बिघडलं की फेकतात," असं तो सगळ्यांना सांगे. ते खरंही होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की बारीक स्क्रू त्याला दिसेनासे झाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं: कडेकडेचं दिसत राहील, मधलं मात्र पुसट होत जाईल, आणि याला चष्मा नाही. हे ऐकून पठ्ठ्या घरी आला आणि बायकोला म्हणाला, "डोळे ठणठणीत आहेत."

आता लपवायचं कारण ऐका. गच्चीवर त्याच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या आणि त्यांच्यावर त्याचा भारी जीव. बायकोला एकदा पापणीवर माशी डसली होती. आठवडाभर बिचारी एका डोळ्याने घरात वावरली. तेव्हापासून ती गच्चीच्या दारापलीकडे पाऊल टाकत नसे. दुकान बंद झालं त्या दिवशी तिने नवऱ्याकडून वचनच घेतलं. "डोळे धड आहेत तोवर पाळा माश्या. डोळ्यांनी दगा दिला की दुसऱ्या दिवशी पेट्या देऊन टाकायच्या. तुम्ही चाचपडत त्यांच्यात हात घालणार आणि मी दारातून बघणार, हे मला जमायचं नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं. पण दुकानही गेलं आणि पेट्याही गेल्या, तर माणसाने सकाळी उठायचं कशासाठी?

दुसरा कुणी असता तर गुपचूप राहिला असता. याने दोनाच्या चार पेट्या करायचं मनावर घेतलं. एक रिकामी पेटी काढली, तिला आतून जुनं मेण घासलं, जुन्या पोळ्याची काळपट चौकट आत लावली आणि पेटी पाण्याच्या टाकीशेजारी, सावलीत, उंचावर ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी चार-पाच माश्या दाराशी घुटमळू लागल्या. आत जायच्या, फिरून यायच्या, पुन्हा आत जायच्या.

"घर बघायला आल्यात!" तो जिन्यातून ओरडला.

"आधी विचारा, माणसं किती आहेत म्हणून," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

माणसं हजारोंनी होती. दोन दिवसांनी भर दुपारी गल्लीवर असा आवाज घोंघावला की फटाफट खिडक्या लागल्या. माश्यांचा ढग टाकीवर उतरला आणि अर्ध्या तासात बोटभर दारातून सगळा आत गेला. घड्याळजीला आभाळ ठेंगणं झालं. असं आयतं आलेलं मोहोळ आपली राणी बरोबरच घेऊन येतं. त्यात बघण्यासारखं, शोधण्यासारखं काही नसतं. डोळ्यांवाचून जमलेल्या नेमक्या या कामानेच घड्याळजीचा धीर चेपला.

चौथ्या पेटीचं काम वेगळं होतं. एका भरल्या पेटीतल्या काही चौकटी माश्यांसकट उचलून नव्या पेटीत ठेवायच्या. जुनी राणी जुन्या घरात राहते. नव्या घरच्या माश्या अंड्यातून निघालेल्या कोवळ्या अळीला वेगळं खाऊ घालून आपली राणी घडवतात. म्हणजे चौकटीत ताजी अंडी हवीतच. अंडं ते केवढं? पोळ्यातल्या बारक्या खणाच्या तळाला चिकटलेलं, दोऱ्याच्या टोकाएवढं. घड्याळजीने चौकटी उन्हात धरल्या, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मधोमध नुसतं धुकं. मग त्याने हाताने वजन बघितलं. जी जड ती भरलेली, असा हिशेब करून तीन जड चौकटी नव्या पेटीत ठेवल्या आणि हलकी परत जागेवर सरकवली.

तीन आठवडे झाले. "राणी झाली, अंडीसुद्धा घातली," असं त्याने बायकोला सांगून टाकलं. पण त्याचे कान काही बहिरे नव्हते. बिघडलेलं घड्याळ तो आवाजावरून ओळखायचा, तर हे कळणार नाही? बाकीच्या पेट्या एका सुरात गुणगुणत होत्या आणि ही चौथी कण्हत होती. रोज सकाळी तो तिला कान लावून बसे आणि उतरलेल्या तोंडाने चहाला खाली येई.

तीन दिवस ते तोंड बघून चौथ्या दिवशी बायको गच्चीवर आली. भर उन्हात अंगात रेनकोट, पायात दोन-दोन मोजे, डोक्यावर नवऱ्याची जाळीची टोपी. दुसरी कुठली वेळ असती तर तो पोट धरून हसला असता.

"दाखवा अंडी," ती म्हणाली.

"तुला काय कळणार त्यातलं?"

"दाखवा म्हणते ना!"

त्याने चौकट उचलून उन्हात धरली. "ही काय. इथे, इथे, सगळीकडे."

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. "अहो," ती हळूच म्हणाली, "इथे काहीच नाही. नुसते रिकामे खण आहेत."

त्याने चौकट खाली ठेवली.

"कधीपासून दिसत नाही?"

"दुकान होतं तेव्हापासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मी काय तुम्हाला टाकून देणार होते?"

"मला नसतं टाकलंस. पेट्या दिल्या असत्यास."

ते खरंच होतं. तो पुढे म्हणाला, "वचन दिलंय, घेऊन जाऊ दे कुणालाही. पण ही पेटी अशी कशी देऊ? राणीवाचून संपतील गं या, आणि पाप माझं आहे. अंड्यांची एक चौकट मिळाली तर अजून वाचतील."

"मग द्या ना!"

"ती ओळखायला डोळे लागतात."

तिने टोपीची जाळी गळ्याशी घट्ट केली. "माझे आहेत. धूर मारा."

पहिली पेटी उघडली तेव्हा तिने रेनकोटच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या. एक माशी जाळीवर, अगदी नाकासमोर येऊन बसली. "आई गं!" म्हणून तिने डोळे मिटले. "हलू नकोस, जाईल ती," तो म्हणाला, आणि गेलीही. पहिली चौकट मधाची निघाली. दुसरी झाकलेल्या खणांची. तिसरीवर ती थबकली.

"तळाशी पांढरं काहीतरी आहे. दोऱ्याच्या तुकड्यासारखं. उभं आहे."

"नक्की उभं?"

"उभं म्हणजे उभं हो!"

"मग आजचंच अंडं ते," तो म्हणाला आणि चौकट हातात घेतली. किती हलकी होती! हीच त्याने त्या दिवशी परत सरकवली होती आणि नुसत्या मधाने जड झालेल्या तीन उचलल्या होत्या. इतरांहून लांबट दिसणारी राणी तिच्यावर नाही ना, हे बायकोकडून दोनदा बघून घेतलं, मग ती चौथ्या पेटीत गेली.

"पेट्या द्यायच्या की ठेवायच्या, ते महिन्याने बघू," बायकोने फर्मावलं. "तोवर झाकणाला हात लावायचा नाही." आता घड्याळजीच तो, बंद पडलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्याला घास जाईना. पण मध्येच धक्का लागला तर घडत असलेली राणी जाते, हे त्याला तिच्याहून जास्त ठाऊक होतं. तरी तिने खबरदारी म्हणून धूर मारायचं धुराडं आपल्या कपाटात कुलपात ठेवलं.

एकोणतिसाव्या दिवशी दोघं वर गेली. या खेपेला रेनकोट नव्हता. तिने स्वतः चौकट उचलली, उन्हाकडे वळवली आणि बघत राहिली. बोलेना.

"काय?" त्याने विचारलं.

तिने चौकट जराशी तिरकी केली.

"हे बघ, नसतील तर नाहीत म्हण. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. माझ्यासारखं करू नकोस."

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "मोजतेय."

तो टाकीच्या कट्ट्यावर बसला. डोळे पुसायला गेला तर हाताला मेण, सगळं तोंडभर लागलं.

"एका खणात एक," ती सांगत होती. "सगळी उभी. आणि ही... अगं बाई, ही लांबट, सगळ्या वाट देतायत हिला. अहो, हीच का?"

"हीच," तो म्हणाला. "आणि पेट्यांचं काय?"

"कुठे जायच्यात पेट्या? मी सांगत जाईन, तुम्ही करत जा. आणि रडायचं ते मग रडा. आधी ही चौकट खाली कशी ठेवायची ते सांगा, हात भरून आलेत माझे."