ब्लॉगसाठी घर पाहायले आर्वीले

पहाटेपासून माहं बूड टेकलं नव्हतं. या ब्लॉगची जागा बदलायची होती. तुम्ही वाचता ते माहे सगळे प्रवास कुठंतरी एका मशीनीवर ठेवलेले असतात अन् ती मशीन दिवसरात्र वीज खाते, हे नात पल्लवीनं सांगितलं तेव्हापासून चैन नाई. मी खोलीतून निघताना बल्ब बंद करणारी बाई, अन् माह्या फोटोपायी कुठं कोळसा जळून राह्यला.

जुन्या जागेची मुदत महिनाअखेर संपते. हलवलं नाई तर सगळं पुसलं जाईन. त्यातच माह्या बहिणीचा, सुमनचा, गिरडच्या टेकडीचा शेवटचा प्रवास आहे. त्यानंतर ती गेली.

मोबाईलवर ब्लॉगले जागा देणारे पाहिले तं जो तो 'आमची वीज हिरवी' म्हणून हिरवं पान लावून बसलेला. पान नसलेला एकच, आर्वीचा एक पोरगा. मी पल्लवीले म्हटलं, "पोरगी देताना घर पाहून देतो नं आपण? मग चाल."

वडनेरहून हिंगणघाट, मग वर्धा, मग आर्वी. बायांले एसटीत अर्धं तिकीट, पण सकाळचीच गाडी धरा. वर्ध्याच्या स्टँडवर आलूबोंडा खा, रस्सा मागून घ्यावा लागते. पुढं मी तीनदा सीट बदलली.

"आजी, बसत काऊन नाई तू? नवरदेव पळून नाई जात," पल्लवी म्हणे.

आर्वीत आधी त्या पोराची शेजारीण गाठली. कपडे वाळत घालत होती.

"पोरगा कसा आहे व?"

"चांगला आहे, पण लगन झालं त्याचं."

पोराच्या छतावर सोलरच्या पाट्या. मी जिना चढून पाहून आली, खूश झाली. "माहा ब्लॉग यावरच चालीन नं, बापू?"

"नाई आजी. यावर माहा पंखा चालते. मशीनी दूर आहेत."

माहं तोंडच उतरलं. मग त्यानं कागद काढला. किती वीज पवनचक्कीची, किती साधी, दोन्ही लिहिलेलं. "सगळी हिरवी नाई अजून. म्हणून पान नाई लावलं." तुम्हीही असा कागद मागजा. वरून मलेच म्हणे, "तुमचा ब्लॉग जड आहे, आजी. एकाच टेकडीचे किती फोटो? जितकं जड, तितकी वीज."

घर पसंत पडलं. तिथंच हो म्हटलं.

घरी आल्याबरोबर, चपला न काढता, फोटो कमी करायले बसली. कपाशीच्या पराटीची विरळणी करतो तसं, बाकीची रोपं उपटायची, एक ठेवायचं. टेकड्या, स्टँड, आलूबोंडे भराभर गेले. सुमनच्या एकोणीस फोटोंवर हात अडला. तीनदा उठून पाणी पिली.

शेवटी एक ठेवला. चेहरा धड दिसत नाई. टेकडी चढताना मागं वळून मले हाका मारून राह्यली, "चाल व लवकर." बाकीच्या अठरांत ती हात मांडीवर ठेवून गप बसली होती. तशी ती कधीच नव्हती.