शिवाप्पाअण्णांचा पांढरा दवणा

राजाजीनगरात आमच्या खालच्या मजल्यावर शिवाप्पाअण्णा राहतात. मूळचे निपाणीचे, सगळी नोकरी बेंगळूरच्या सिटी बसमध्ये कंडक्टर म्हणून. त्यांचं एकेक वाक्य निपाणीत चढतं आणि मॅजेस्टिकच्या बसस्टँडला उतरतं. "स्वल्प पुढं सरका, पुढं जागा हाय," हे ते देवळात प्रसादाच्या रांगेतही म्हणतात. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा भाजीवाला, रिक्षावाला, गॅसवाला, सगळ्यांशी आमच्या वतीनं कन्नडमध्ये भांडायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. ते नसते तर आम्ही अजून खाणाखुणा करून कोथिंबीर मागत असतो.

गेल्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. नाक कायम चोंदलेलं, डोळे लाल, मानेवर पुरळ. डॉक्टर म्हणाले, कशाची तरी ॲलर्जी आहे, शोधा. मग कापसाची उशी गेली, उदबत्ती गेली, कबुतरांसाठी जाळी आली. माझी आई, उल्का, रोज खाली जाऊन सांगायची की अण्णा, ॲक्च्युअली हे पोल्युशनच असणार, तुम्ही प्लीज ग्रीनरीत बसत जा. अण्णा मुकाट्यानं बागेत बसायचे, दवण्याच्या कुंड्यांना अगदी खेटून.

दवणा जोतिबासाठी लावलेला, म्हणून अण्णा रोज कुंडीच्या पाया पडायचे. बी निपाणीहून आलेलं, माती शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधली. कातरल्यासारखी पानं, वर पांढऱ्या फुलांचे झुबके, उंची कमरेपर्यंत. गावाकडं याला पिवळसर फुलं येतात हे अण्णाच सांगायचे. पण बेंगळूरची हवाच निराळी, सरी, म्हणजे ठीक आहे, चालायचंच. आईनं तर ते तुरे गुलाबांमध्ये खोचून फ्लॉवरपॉट सजवला होता.

चैत्रात दम लागून अण्णांच्या वाक्याच्या मधेच थांबा यायला लागला. त्यांच्या मुंबईच्या मुलानं, योगीराजनं, फोनवर ठरवून टाकलं की घर बंद करायचं आणि अण्णांनी निपाणीला जायचं. बायको गेल्यावरही ज्या घरातून ते हलले नव्हते, तिथून त्यांना न्यायला धाकटी बहीण गंगव्वा आली. अण्णांनी बॅग भरली. जेवायचं मात्र जवळजवळ सोडलं.

गंगव्वानं येताना दवण्याची जुडी आणली होती. ओलं फडकं सोडलं आणि खोलीभर वास पसरला. आम्हा सगळ्यांना आला, अण्णांना नाही. जुडी पुन्हा पुन्हा नाकाला लावून ते म्हणाले की यंदा दवण्याला वासच नाही, कुंडीतल्यालाही नाही.

गंगव्वा तशीच उठून बागेत गेली, मागोमाग आम्ही.

"आण्णा, ह्यो दवणा हाय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"मी लावलाय न्हवं."

"तू दवणा लावलास, पर उगवलंय गाजरगवत. बांधावरचं ह्येच उपटून आईचं हात सुजायचं, इसरलास? आन् तू त्याच्या पाया पडतोस."

अण्णा कुंडीपासून मागं सरकले. "पाया जोतिबाच्या पडलो, गंगू. हे मधी उभं हुतं."

अण्णांना घरात कोंडून खिडक्या लावल्या. बाबा हेल्मेट, रेनकोट आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून उतरले. फुलं झटकू नका, बी उडतंय, असं गंगव्वा दारातून बजावत होती आणि बाबा हेल्मेटमधून काहीतरी उत्तर देत होते. आईनं तेवढ्यात फ्लॉवरपॉट गुपचूप रिकामा केला. कुंड्यांतली माती गेली. शेजारच्या प्लॉटच्या मालकाला इतके फोन केले की त्यानं कंटाळून प्लॉट साफ करून घेतला.

गंगव्वा परतीचं तिकीट पुढं ढकलत राहिली. अण्णांची बॅग भरलेलीच होती. आधी पुरळ गेलं, मग डोळे निवळले. नाकाचं कुणी काही विचारत नव्हतं.

एका सकाळी मी त्यांच्याकडं डबा परत द्यायला गेलो होतो. गंगव्वा आमटीला फोडणी देत माझ्याशी बोलत होती. बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, मधे न थांबता, "गंगू, लसूण करपला बघ."

गंगव्वानं गॅससुद्धा बंद केला नाही. पदर तोंडाला लावून ती ओट्यापाशीच खाली बसली.

ती करपल्या लसणाची आमटी दुपारी आम्ही सगळ्यांनी अण्णांकडं बसून खाल्ली. अण्णा वाटी नाकापाशी नेत आणि पुन्हा वाढ म्हणत होते. अण्णांची बॅग गंगव्वानं तिथंच, जेवता जेवता, डाव्या हातानं ओढून उघडली आणि रिकामी करायला घेतली.