एकदाच वाजणारी कॅसेट

जुनी रेकॉर्डिंग जपायला घेतली, की फायलींपेक्षा किस्सेच भराभर साठतात. झोप मात्र जाते! माझी आठवडाभर गेली होती. सासूबाईंच्या आवाजाची एकच कॅसेट घरात उरली होती, आणि त्या तर माझ्या लेकीच्या, चिऊच्या जन्माआधीच गेल्या. गोहलपूरच्या दुरुस्तीवाल्या भैयांनी फीत बघून सांगितलं, "दीदी, एक बार चल जाएगी. दूसरी बार की बात मत करो."

म्हणून आधी मराठी मंडळाच्या कॅसेटींवर हात बसवायचं ठरवलं.

*

मंडळाचे देशमुख काका म्हणाले, "सूनबाई, फाइल एवढी जड काहून?"

म्हटलं, "काका, ही लॉसलेस. साडीची घट्ट घडी! उलगडली की जशीच्या तशी. एमपीथ्री म्हणजे थोडं कापड कापूनच टाकायचं."

"मग निऱ्यांतलं काप ना! कोणाला दिसून राहिलं?"

*

एका कीर्तनातली खरखर घालवायला मी बारीक आवाज बंद करणारी सेटिंग लावली. जरा जास्तच लावली. श्रोत्यांचं हसूसुद्धा गेलं! बुवा विनोदावर विनोद करतायत आणि समोर स्मशानशांतता.

काका खूश. "हेच ठेव. आपलं मंडळ असंच आहे!"

मला मात्र घाम फुटला. हेच सासूबाईंच्या बाबतीत केलं असतं तर?

*

भीतीपोटी मी प्रत्येक फाइलच्या पाच कॉपी ठेवायचे. एक तर राइट टाउनला, माहेरी. एकदा नवऱ्याने उघडून पाहिली, तर आत नुसती प्रोजेक्ट फाइल, म्हणजे कामाची टिपणं; आवाज नाहीच. आवाज एक्सपोर्ट करून बाहेर काढायचाच राहिलेला!

"अगं, पाच कुलपं लावलीस," तो म्हणाला, "पण पेटी रिकामी!"

एम.एस्सी. झालेली बाई मी.

*

शेवटी रविवारी सकाळी ती कॅसेट लावली. आवाज फाटू नये म्हणून लेव्हल खाली ठेवली, तीनदा तपासली. सासूबाईंची ओवी सुरू झाली. बाराव्या मिनिटाला टक्! फीत तुटली. पण तेवढं आलं होतं. आधी एक्सपोर्ट केलं, मग श्वास घेतला.

सासूबाईंचा दम्याचा खोकला कापून, साफ केलेली कॉपी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ऐकवली.

"छान आहे," ते म्हणाले. "पण ही ती नाही."

मी मूळ फाइल लावली. ओवी, मग धाप, मग तो लांबलचक खोकला. बाबांनी डोळे मिटले.

चिऊ खेळ टाकून उठली आणि त्यांचा गुडघा हलवायला लागली.

"आजोबा, बैठे क्यों हो? आजीला पाणी दे ना!"