ती बॅग मीच उचलली

ती काळी बॅग मीच उचलली. कुणी बळेच हातात कोंबली नव्हती. वहिनी म्हणाल्या, "अगं, जरा एवढी कचऱ्याची बॅग मागच्या दाराबाहेर ठेवतेस का?" आणि मी म्हणाले, "हो हो, द्या ना." हसून म्हणाले. बॅगेचा तळ गरम होता. प्लास्टिकमधून तुपाचा आणि वेलचीचा वास येत होता. आत माझ्या आईने लाटलेल्या एकवीस पुरणपोळ्या होत्या.

नुकत्याच तव्यावरून उतरलेल्या. मी गाठ मारली, बाहेरच्या डब्यात बॅग टाकली, हात धुतले. आणि आत येऊन आरतीला टाळ्या वाजवत उभी राहिले.

हे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचं सांगतेय. दोन हजार पाच-सहाचे दिवस. मी नागपूरची, पुण्याच्या एका कंपनीतून ऑनसाइट आलेली. वहिनींचे यजमान आमच्या प्रोजेक्टचे मॅनेजर. माझं वर्क परमिट वाढायचं की नाही, हे त्यांच्या एका ईमेलवर होतं. अख्खी टीम त्यांना दादा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी. गणपती त्यांच्याकडेच बसायचा.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी 'कर'. कुठेही खपून जातं. मी ते खपवलं. कुणी "तुम्ही मूळचे कुठले?" असं वळसा घालून विचारलं की मी "नागपूर साइड" म्हणायचे आणि लगेच विषय हवामानावर न्यायचे. निळ्या कोटातला फोटो कपाटात, स्वेटरच्या खाली. तीन वर्षं. मोठी हुशार समजत होते स्वतःला.

मग आई सहा महिन्यांसाठी आली. माझी आई नागपूरच्या एका शाळेत शिपाई होती. दारात मंत्री येवो नाहीतर दूधवाला, ती हात जोडून एकच म्हणते, "जय भीम." आयुष्यात दुसरं काही म्हटलेलं नाही. गणपतीच्या दिवशी गाडीत बसल्यावर मी तिला सांगितलं, "आई, तिथे नुसतं नमस्कार म्हण हं."

तिने खिडकीबाहेर बघितलं. "काहून?"

"माझ्या ऑफिसचे लोक आहेत. उगीच कशाला."

"बरं," ती म्हणाली. दारात तिने नमस्कार म्हटलं. मला सुटल्यासारखं झालं. आईच्या तोंडचे दोन शब्द काढून घेतले आणि मला सुटल्यासारखं झालं, बघा.

वहिनींची तारांबळ उडाली होती. पोळ्या लाटणारी मैत्रीण आलीच नव्हती. आईने पदर खोचला. खरं तर आमच्याकडे गणपती नाही, नैवेद्य नाही. पण समोर बाई अडली आहे म्हटल्यावर आई बसून राहणारी नव्हे. त्या एवढ्याशा नॉनस्टिक तव्यावर तिने अशा पोळ्या उतरवल्या की वहिनी म्हणाल्या, "काकू, तुमच्या हातात जादू आहे हो!" आई खुलली. हात पिठाचे, कपाळावर घाम. आणि तेवढ्यात वहिनींच्या सासूबाई वरून आल्या. पुण्याहून आलेल्या, सोवळ्यात. आई वळली, पिठाचे हात जोडले आणि सवयीने म्हणाली, "जय भीम, ताई."

सासूबाईंनी पोळ्यांच्या ताटाकडे बघितलं. मग सुनेकडे. आल्या तशा वर गेल्या. वहिनी पाठोपाठ गेल्या. खाली आल्या तेव्हा आवाजात साखर होती. "काकू, तुम्ही किती दमलात! चला, हॉलमध्ये बसा बघू. पुढचं मी बघते."

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हो आई, बस ना तू बाहेर."

मी म्हणाले. वहिनी नव्हे, मी. त्यानंतर दहा मिनिटांत ती बॅग.

पंगतीत पोळ्या वाढल्या त्या वेम्बलीच्या इंडियन दुकानातल्या, फ्रीजरमधल्या. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या. आई निमूटपणे जेवली. परत येताना गाडीत मी एका राउंडअबाउटवरून दुसऱ्यावर जात बडबडत होते, "आई, सगळ्यांना तुझ्या पोळ्या इतक्या आवडल्या ना!"

"हो का?" आई म्हणाली.

शेजारी जोन राहायची. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त नर्स, एकटी. आईला इंग्रजी येत नाही, जोनला मराठी येत नाही. तरी दोघी रोज रेडवेवर, त्या लाल पायवाटेवर, हातवारे करत तासभर फिरायच्या. जोन क्वेकर. ख्रिस्ती लोकांतलाच तो एक पंथ. पुजारी नाही, वेदी नाही, घंटा नाही. रविवारी खुर्च्या गोल मांडून तासभर गप्प बसतात, त्याला मीटिंग म्हणतात. आतून काही आलंच तर कुणीही उठून बोलतो. आई जोनबरोबर जायला लागली. मी ड्रायव्हर आणि दुभाषी.

पहिल्या रविवारी बाहेर येऊन आई म्हणाली, "आपल्या विहारासारखं हाय. कोणी वर नाही, कोणी खाली नाही."

मला मात्र ती शांतता सोसायची नाही. बाकीचे गप्प बसून कुठे जात असतील ते जावोत, मी त्या काळ्या बॅगेपाशी जायचे. हाताला तो गरम तळ लागायचा. मी डोळे उघडून लोकांचे बूट बघत बसायचे.

गणपती होऊन तीन आठवडे झाले असतील. मीटिंगनंतर चहा-बिस्किटं चालली होती. आईने भिंतीवरच्या एका जुन्या चित्राकडे बोट दाखवलं. कोर्टात उभा एक माणूस, डोक्यावर रुंद काठाची टोपी. "हे कोण व?" जोन खूश झाली. हा याच भागातला, म्हणाली, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. मग ती सांगत गेली आणि मी वाक्यावाक्याने मराठी करत गेले.

माणूस विणकर. मागावर बसणारा. एक दिवस माग सोडून उठला आणि बाजारात, शेताच्या बांधावर उभा राहून बोलायला लागला. देव प्रत्येकाच्या आत आहे, मधे पाद्री नको. लोकांनी शेण मारलं, दगड मारले. एका गावात त्याला गाडीच्या मागे बांधून फटके दिले. तरी तो पुढच्या गावी उभा.

"आणि हे लोक कुणालाच अहो-जाहो करायचे नाहीत," मी आईला सांगितलं. "जमीनदार असो, न्यायाधीश असो, सगळ्यांना तूच म्हणायचे."

आई खळखळून हसली. "बरं करायचे!"

मोठ्या माणसासमोर टोपी काढायची, ही तिथली रीत. हे लोक म्हणायचे, टोपी काढायची ती देवापुढे, माणसापुढे नाही. एवढ्यावरून तुरुंग. हा विणकर पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा त्याची म्हातारी आई कोर्टात मागे उभी होती. तीही त्याच पंथाची. न्यायाधीश म्हणाला, टोपी काढ आणि घरी जा.

जोन थांबली, चहाचा घोट घेतला. "आणि त्याने काढली," ती म्हणाली.

मी मराठी करायच्याऐवजी चहा ढवळत राहिले.

"काय म्हणते ते?" आई.

"काढली म्हणते. भ्याला तो."

"आईसमोर?"

"हो."

पुढचं जोनने हळूहळू सांगितलं. तो सुटला. घरी आला. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, की त्या दिवसानंतर आईने वाढलेलं त्याच्या घशाखाली उतरेना. आई काही बोलायची नाही, म्हणून आणखी उतरेना. हिवाळाभर तो तोंड मिटून मागावर बसून राहिला. मग एका सकाळी डोक्यावर टोपी घातली, चालत त्या न्यायाधीशाच्या घरी गेला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी तुझ्यापुढे टोपी काढली, ते खोटं होतं. आज घालून आलोय." त्याला आत टाकला. ओल्या गवतावर तीन हिवाळे. अधूनमधून जेलर यायचा, म्हणायचा, काढ आणि जा. तो नाही म्हणायचा. बाहेर आला तेव्हा एक पाय कामातून गेला होता. कुबडी घेऊन परत बाजारात उभा राहिला.

आई चित्राकडे बघत होती. "कोणी बोलावलं नव्हतं ना त्याले? आपल्या पायानंच गेला?"

"आपल्या पायानेच."

गाडीत बसलो. मी किल्ली लावली तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "तू बी काढली पोरी."

मी वेड घेऊन पेडगावला निघाले. "काय काढली आई?"

"त्या दिवशी पानात वाढलेली पोळी माही नव्हती. मले पहिल्या घासाले समजलं. जिंदगी गेली पोळ्या लाटण्यात, माह्या हातची पोळी मले समजणार नाही का? मंग माह्या कुठं गेल्या?"

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "मी टाकल्या आई. त्यांनी बॅग दिली आणि मी नेऊन टाकली. मला माहीत होतं आत काय आहे."

"ते बी माहीत हाय. तुह्या हाताले तुपाचा वास होता."

म्हणजे गाडीत मी "सगळ्यांना आवडल्या" म्हणत होते तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. तिने "हो का?" म्हणून माझी लाज राखली होती. त्या क्षणी मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. मी रडले, पाया पडायला गेले. तिने पाय मागे घेतले.

"त्या बाईनं केलं त्याचं मले नवल नाही. तसल्या लय पाह्यल्या. तुले शिकवलं ते काय याच्यासाठी? मले नको सांगू. तिथं जा."

"तू येतेस?"

"मी कायले? टोपी तू काढली."

सोमवारी ऑफिसात दादांनी विचारलं, "परमिटचे पेपर पाठवायचेत ना तुझे?" खोटं कशाला सांगू, आठवडाभर मी गेले नाही. रोज संध्याकाळी ठरवायचे, उद्या. आई वाढायची, बोलायची नाही. माझ्या घशाखाली उतरायचं नाही.

शनिवारी सकाळी गेले. वहिनींनीच दार उघडलं. "अय्या, तू? ये ना!"

मी पायरीवरच उभी राहिले. हात जोडले. "जय भीम, वहिनी."

पहिल्यांदा. इंग्लंडमध्ये, तीन वर्षांत पहिल्यांदा. शब्द नीट बाहेर पडले.

त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. मी म्हणाले, "त्या दिवशीची बॅग मी उचलली. आत माझ्या आईच्या पोळ्या होत्या. मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं."

"अगं, तू भलताच अर्थ काढतेस! सासूबाईंचं सोवळं असतं गं. आम्ही कुठे मानतो असलं काही? आणि तसं होतं तर तेव्हाच बोलायचंस ना. तूच तर नेऊन ठेवलीस, हसत हसत."

बरोबर वर्मावर बसलं. कारण खरं होतं.

"हो, हसत हसत नेली. ती लाज माझी आहे, मी घेते. पण बॅग भरली तुम्ही. सोवळं सासूबाईंचं असेल, हात तुमचे होते. माझ्या आईला हे तुम्ही स्वतः सांगायचं. तोवर मी या घरात पाणी पिणार नाही."

"आता चहा तरी..." त्या म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. मी वळले. शूर-बिर काही वाटलं नाही. महिनाभर उशीर झालेल्या माणसाला काय शूर वाटणार?

त्या आल्या नाहीत. आई डिसेंबरात परत गेली. विमानतळावर तिने जोनला मिठी मारली, मला नुसतं "जपून राह्य" म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. जानेवारीत प्रोजेक्टवरून माझं नाव निघालं. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. परमिटचे पेपर गेलेच नव्हते. धावपळ करून मेडनहेडला दुसरी नोकरी मिळवली. गणपतीला जमणाऱ्या मंडळींचे फोन बंद झाले ते झालेच.

फोटो आता हॉलमध्ये, दारासमोर लावलाय. येणाऱ्याची नजर आधी त्यावर पडते. मेडनहेडच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी टीममधला एक पुण्याचा मुलगा हात पुढे करून म्हणाला, "अरे वा, मराठी! नागपूरच्या का? म्हणजे मूळच्या..."

"जय भीम," मी म्हणाले.

त्याचा हात क्षणभर हवेत राहिला. मग त्याने तो पुढे केला की मागे घेतला, याच्याशी मला आता देणंघेणं नाही.

त्या एकवीस पोळ्या परत येणार नाहीत. आजही कुठे वेलचीचा वास आला की माझे तळहात गरम होतात. होऊ देत. ते थंड पडावेत असं मला वाटत नाही. यापुढे ज्या घरात माझ्या आईच्या हातचं फेकलं जाईल, त्या घरात मी जेवणार नाही. आणि गुपचूप उठून जाणार नाही. पानावरून उठेन ती सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून उठेन.